बिनतक्रार मशीन

तिच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानाच्या दारातच दोघांची टक्कर झाली. तो संगणक छातीशी धरून आत येत होता, ती कुरिअरवाल्याला हाक मारायला बाहेर.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"मला नाही... याला विचारा."

तो मागच्या गल्लीतला चष्मेवाला. त्याचे वडील, आप्पा, अंथरुणाला खिळलेले, जुने सिनेमे हाच त्यांचा विरंगुळा. पण संगणकाचा पंखा असा घरघरायचा, की नायिकेचं बोलणं विरून जाई.

तिनं पंख्याशिवाय चालणारा छोटा संगणक तयार केला आणि त्याच्या घरी जाऊन टीव्हीला जोडला. उरली ऑपरेटिंग सिस्टिम.

"ती म्हणजे नक्की काय?" त्यानं विचारलं.

"घरातली कर्ती बाई. कोणी काय करायचं, ते ती ठरवते. एक नेहमीची, ओळखीची. पण तिला सारखं नवं काहीतरी हवं असतं. दर महिन्याला मला यावं लागेल. दुसरी लिनक्स. बटण दाबलं की समोर सिनेमांची यादी. तिला माझी गरज पडणार नाही."

"तुम्ही... कोणती निवडाल?"

तो चष्मा पुसत थांबला होता. तिनं 'नेहमीची' एवढं म्हटलं की झालं. मग दर महिन्याला हे दार, ही नजर... पण खाटेवर वडील उशीला टेकून सिनेमाची वाट बघत होते.

"लिनक्स," ती म्हणाली.

तीन आठवडे गेले. फोन वाजला की तिचा जीव वरखाली होई — आणि निघे कुणाचा तरी प्रिंटर. मागच्या गल्लीतून जायचं नाही असं ठरवून ती दोनदा तिथूनच गेली.

एका दुपारी तो दारात उभा. हात रिकामे.

"चालतंय ना?"

"बिनतक्रार. म्हणूनच तर..." तो घुटमळला. "काल मीच एक वायर उपटली. तुम्हाला बोलवता यावं म्हणून. आप्पांनी पकडलं. म्हणाले, मशीनला कशाला छळतोस, त्या मुलीला सरळ चहाला बोलाव की."

"मग वायर?"

"लावली परत. लगेच सुरू झालं. लेकाचं बिघडतही नाही."

तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"चला, बघून येऊ."

"पण बिघाड काहीच नाहीये."

"माहितीये," ती म्हणाली. "मीच बसवलंय."