बसच्या दारापाशी

“उतरत नाहीये ती,” बसचा ड्रायव्हर म्हणाला. “तुम्ही नव्या का?”

वेंडा पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी राहिली. नोव्हेंबरची सकाळ. सरोवरावरून येणारा वारा कान कापत होता आणि नोकरीला लागून जेमतेम सात मिनिटं झाली होती. शाळेच्या विशेष वर्गात मदतनीस. तीन महिने कच्ची, नीट जमलं तर पक्की. आणि पहिलंच काम अडलं होतं – नऊ वर्षांच्या पर्लला बसमधून उतरवून वर्गात न्यायचं.

पर्ल बोलत नसे. गळ्यात अडकवलेल्या टॅबलेटवरची चित्रं दाबून ती हवं ते सांगे. आत्ता मात्र ती पुढच्या काचेकडे बघत ढिम्म बसली होती.

“पर्ल, चल ना सोन्या... हात दे बघू... बाई वाट बघतायत... पर्ल?”

“एक सुचवू?” ड्रायव्हर हळूच म्हणाला. “काही बोलूच नका. मी वायपर लावतो. तो थांबला की येते ती.”

वायपर चार वेळा इकडून तिकडे गेला, थांबला. पर्ल उठली आणि कोणाची मदत न घेता खाली उतरली.

“मी ॲमॉस,” तो म्हणाला. “आणि... तुमचे दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे आहेत.”

वेंडाने खाली पाहिलं. खरंच! थंडीने लाल झालेले तिचे गाल आणखीच लाल झाले.

वर्गात जीव मुठीत धरूनच दिवस जात होते. आपल्या हातून काहीतरी चुकेल, ही धास्ती सकाळी डोळे उघडायच्या आधीच जागी होई. म्हणून ती धावधावून सगळं करायची. तिसऱ्या आठवड्यात ओकरलंड बाईंनी तिला बाजूला घेतलं. सव्वीस वर्षं हा वर्ग सांभाळलेल्या बाई. आवाज कधी चढत नसे, पण वेंडाला त्याचीच भीती वाटे.

“पर्लचं जाकीट कोणी काढलं?”

“मी, बाई.”

“डबा कोणी उघडला?”

“मीच.”

“मग पर्लने काय केलं?”

वेंडाच्या हातात अजून पर्लच्या डब्याचं झाकण होतं.

“तू चपळ आहेस, पोरी. तुझ्यापुढे तिला काही करायला वेळच उरत नाही. हात पाठीमागे धर आणि मनात दहापर्यंत मोज.”

दहापर्यंत मोजणं एवढं अवघड असेल, असं वेंडाला वाटलं नव्हतं. पाठीमागे तिची नखं तळव्यात रुतत. सहा... सात... पर्लची बोटं जाकिटाच्या चेनवरून निसटत, पुन्हा धरत. आणि डिसेंबरातल्या एका सोमवारी ती चेन सरसर खाली आली!

दुपारी बसपाशी पोचताच वेंडाने ते ॲमॉसला सांगून टाकलं. त्याने स्टिअरिंगवरचे हात उचलून टाळ्या वाजवल्या. मग हा रोजचा परिपाठच झाला. सकाळी दोन वाक्यं, दुपारी तीन.

“आज तर तुम्ही चक्क हसलात.”

“तुम्ही रस्त्याकडे बघून गाडी चालवा.”

“गाडी उभी आहे.”

“तरीही!”

दिवसभरात तेवढ्या पाच वाक्यांपुरती तिची धास्ती सैल पडे.

जानेवारीच्या अखेरीस, दुपारी, ॲमॉस मावशीने विणलेली लालभडक टोपी घालून आला. टोपीवर हा एवढा गोंडा. वेंडाला हसू आवरेना... आणि तिच्या मुठीतून पर्लचा हात कधी सुटला, कळलंच नाही.

पर्ल मुलांना न्यायला आलेल्या मोटारींच्या रांगेकडे धावत सुटली होती. बर्फावर एक गाडी घसरत आली, करकरत वळली आणि पर्लपासून हातभर अंतरावर थांबली. वेंडा धावली, पडली, गुडघ्यांवर रांगत पोचली आणि पर्लला तिने घट्ट कवटाळलं. पर्ल गाडीचा लुकलुकणारा दिवा बघून खिदळत होती.

पर्लला बसमध्ये पट्टा बांधून झाल्यावर ॲमॉस खाली उतरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“कोणाला काही लागलं नाही. शाळेतल्या कोणी पाहिलंही नाही. तुम्हाला पक्कं व्हायला थोडेच दिवस राहिलेत, वेंडा. मी... मी काही बोलणार नाही.”

मान डोलवावी, असं तिला फार वाटलं. फारच. पण बसच्या काचेतून पर्ल दिसत होती.

“तिला घरी जाऊन सांगता येत नाही, ॲमॉस,” ती म्हणाली. “म्हणून मला सांगायला हवं.”

तिने बाईंना सांगितलं. पर्लच्या आईला फोनही स्वतःच केला. शाळेने तिची मुदत दोन महिन्यांनी वाढवली. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “उद्या काय वेगळं करशील, ते लिहून आण.”

तिने लिहिलं. बस शाळेच्या पायरीला लावूनच उभी करायची. पट्टा बांधेपर्यंत हात सोडायचा नाही. आणि दारापाशी कोणाशी बोलायचं नाही.

शेवटचं कलम तिने ॲमॉसला सांगितलं, तेव्हा त्याने ती लाल टोपी काढून खिशात घातली. मग म्हणाला, “बरोबर आहे.” आणि त्या दिवसापासून तो खरंच बोलला नाही. सकाळी एकदा मान लववायची, दुपारी एकदा. वेंडाही वर बघत नसे. तो रागावलाय का? की विसरला? एरवी वर्गाच्या काळजीने पोखरलेल्या तिच्या जिवाला हा आणखी एक भुंगा लागला.

मार्च संपता संपता बाईंनी तिला पक्की केल्याचा कागद हातात दिला. तिच्या फाइलमध्ये आणखी एक चिठ्ठी होती, बसच्या कचेरीतून आलेली, घटनेच्याच दिवशीची. ‘मदतनीस बाई काम नीट करत होत्या. मी त्यांना हसवलं. निम्मी चूक माझी. – ॲमॉस ट्रुडो.’

“तुला माहीत नव्हतं?” बाईंनी विचारलं.

शाळा सुटल्यावर वेंडा तडक बसच्या आगारात गेली. ॲमॉस रिकाम्या बसच्या पायऱ्यांवरचा चिखल झाडत होता.

“चिठ्ठी लिहिलीत, आणि मला सांगितलंही नाहीत?”

“तुम्ही गेलात सांगायला... मग मला घरी बसवेना.” त्याने झाडू खाली ठेवला. “बरं झालं आलात. सोमवारपासून मी दुसऱ्या मार्गावर जातोय. अर्ज मीच दिला.”

वेंडाच्या तोंडून पहिलं निघालं ते – “पर्लला सांगितलंय? तिला बदल सोसत नाही!”

“नवी ड्रायव्हर दोन आठवडे रोज माझ्या शेजारी बसतेय. तुम्ही वर बघतच नाही, म्हणून दिसली नसेल. पर्लच्या आईने तिचा फोटोही टॅबलेटमध्ये घातलाय.”

“असं होय...” ती म्हणाली. “पण... का जाताय?”

“त्या दाराशी तुमच्यासमोर गप्प बसणं मला आता झेपत नाही,” तो म्हणाला. “मला तुझ्याशी बोलायचंय, वेंडा. रोज. जिथे तुझ्या हातात कोणाचा हात नसेल, अशा ठिकाणी.”

‘तू’ म्हटलेलं तिच्या बरोबर लक्षात आलं. छाती धडधडत होती. पर्ल धावली होती तेव्हासारखीच, आणि तरी अगदी निराळी.

“कोणाचाच नको?” तिने विचारलं.

“म्हणजे... माझा चालेल.”

वेंडाने हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

“मला अजून भीती वाटते,” ती म्हणाली. “सगळ्याचीच.”

“मलाही,” ॲमॉस म्हणाला. “चल, आधी कुठेतरी बसून गरम सूप पिऊ.”