पाच पंखे आणि एक

पुतण्या कॉम्प्युटरचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून दुकानात शिरला, तेव्हा काका शटर ओढायच्या बेतात होते. मागून पुतणी वायरींचं भेंडोळं सांभाळत आली.

"काका, याचे पंखे बंद करून द्या ना."

"सगळे?"

"सगळेच. मी व्हिडिओ करतो ना, मागे सारखं घूंऽऽ घूंऽऽ येतं."

"आणि डबा तापला तर?"

"तापू दे की. त्याला काय कळतंय?"

काकांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग शटर अर्धं ओढलं, टेबलावरचा दिवा जवळ घेतला आणि डब्याचे स्क्रू काढायला बसले. बाहेर रस्त्यावर आता कुणी नव्हतं.

"शांतता हवी म्हणे. तुझ्यासारखाच एक शहाणा माझं गिऱ्हाईक होता. बसा दोघं. साफ करता करता सांगतो. आणि ही गोष्ट नाही बरं का, घडलेलं आहे."

तो माणूस धंद्याने निवेदक. लोकांची पुस्तकं माइकसमोर वाचायची आणि रेकॉर्ड करून द्यायची, हे त्याचं काम. आवाज सुरेख होता. माणसात सुरेख तेवढंच होतं. गल्लीतली पोरं त्याला 'शूऽऽ' म्हणायची, कारण तो दिवसातून दहादा खिडकीतून मुंडकं बाहेर काढून शूऽऽ करायचा. भाजीवाल्याला शूऽऽ, कुत्र्याला शूऽऽ. शेजारणीचं तान्हं बाळ रडलं, तर त्यालाही शूऽऽ. जणू जगाने त्याच्या परवानगीनेच श्वास घ्यायचा.

त्याच्या खोलीच्या भिंतींना स्पंज चिकटवलेला, दाराला जाड घोंगडी. फक्त एका बाजूला प्लायवूडची पातळ भिंत होती आणि तिच्यापलीकडे सासरे राहायचे. ते एका कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. रिटायर झाल्यावर मुलीकडे आले. ही मुलगी, म्हणजे शूऽऽची बायको, हॉस्पिटलात नर्स होती. महिन्यातले निम्मे दिवस तिची रात्रपाळी असायची.

सासऱ्यांना गरमी सोसायची नाही. जावई आल्यागेल्यासमोर म्हणायचा, "उभा जन्म भट्टीसमोर काढला, आणि आता यांना उकडतं!" पाहुणे हसायचे. सासरेही हसायचे. काय करतील?

त्यांच्याकडे एक जुना टेबलफॅन होता. त्याच्या पाठीवर एक खुंटी होती. खाली दाबली की पंखा मान फिरवत खोलीभर वारा देतो, वर ओढली की एका जागी थांबतो. सासरे ती कायम वर ओढून ठेवायचे आणि पंख्याचं तोंड उशीकडे करायचे. जावई म्हणायचा, "बघा स्वार्थीपणा! सगळा वारा एकट्याला."

काका कॉम्प्युटर जोडून द्यायला गेले होते, तेव्हा म्हातारबुवा दारात येऊन उभे राहिले. डब्यातल्या रंगीत दिव्यांकडे कौतुकाने बघत म्हणाले, "जावईबापू, याला पंखे किती?"

"पाच."

"एवढे?"

"तापून चालत नाही. महागाची वस्तू आहे."

"बरं आहे त्याचं," सासरे म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

पुतणी खुदकन हसली. काका हसले नाहीत.

"त्याच दिवशी मी त्याला एक प्रोग्रॅम घालून दिला," ते ब्रशने धूळ उडवत म्हणाले. "कुठला भाग किती तापला, कुठला पंखा किती फिरतोय, सगळं पडद्यावर ओळीने दिसतं. रेकॉर्डिंगपुरते पंखे थांबवता येतात. मधल्या भागाने नव्वद गाठली की ते आपोआप सुटतात. यादीत शेवटी एक जादा ओळ होती. बोर्डावर एक जागा रिकामी असते, तिथे काही जोडलेलंच नसतं, पण ओळ दिसते. आकडा काहीच्या बाही. उणे पंचावन्न दाखवत होती. म्हटलं, तिकडे बघू नका."

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका मोठ्या प्रकाशकाने आवाजाचा नमुना मागवला. पसंत पडला तर अख्खी ग्रंथमाला मिळणार होती. ऐन उन्हाळा. बायको रात्रपाळीला गेलेली. शूऽऽने कॉम्प्युटरचे पाचही पंखे थांबवले आणि माइक चालू केला, तर प्लायवूडपलीकडून टेबलफॅनची घरघर. तो उठला, सासऱ्यांच्या खोलीत गेला, प्लग उपटला आणि पंखा काखेत मारला.

"तासाभराचा प्रश्न आहे."

"असू दे, असू दे," सासरे म्हणाले.

"आणि खोकू नका."

कुत्री भुंकत होती म्हणून जाताना त्याने त्यांची खिडकीही लावून घेतली. दार ओढलं.

नमुना फार छान झाला. पुन्हा पुन्हा ऐकताना आपल्याच आवाजावर खूश होऊन तो खुर्चीतच झोपला. पंख्याची आठवण झाली तेव्हा उजाडत होतं. तो पलीकडे गेला. सासऱ्यांना हात लावला. मग त्याने काय केलं असेल? डॉक्टरला फोन? छे. आधी पंखा स्टुलावर ठेवला, प्लग लावला, चालू केला. खिडकी उघडली. सगळं नीट दिसावं म्हणून खुंटी दाबून पंखा फिरता ठेवला. आणि मग बायकोला फोन करून रडला. आवाजाचा माणूस. रडणं जमतं त्यांना.

बायको आली. वडिलांच्या पायाशी बसली. रडता रडता मधेच थांबली आणि मान फिरवणाऱ्या पंख्याकडे बराच वेळ पाहत राहिली. 

"वय झालं होतं," शूऽऽ म्हणाला.

नमुना पसंत पडला. टेबलफॅन माळ्यावर गेला.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे सगळं?" पुतण्याने विचारलं.

"त्यानेच. का सांगितलं, ते ऐक."

महिनाभराने शूऽऽचा फोन आला. "तुमची ती रिकामी ओळ हो, आता छत्तीस दाखवतेय!"

"दाखवू दे."

"मी तिला नाव दिलंय. 'सासरे'! मेल्यावरही गरमच!" आणि तो खो खो हसला. त्या प्रोग्रॅममध्ये ओळींची नावं बदलता येतात. माणूस एवढ्या खालच्या थराला जाईल, हे तो लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

वर्ष गेलं. मे महिन्यातली दुसऱ्या शनिवारची रात्र. ग्रंथमालेतल्या पहिल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सकाळी आठच्या आत पाठवायचं होतं. आधीच दोनदा मुदत वाढवून घेतलेली. आता चुकलं तर काम दुसऱ्याला देऊ, असं प्रकाशकाने स्पष्ट सांगितलं होतं. बायको रात्रपाळीला. साडेअकरा वाजता शूऽऽने घोंगडी ओढली, कानांवर हेडफोन चढवले, पाचही पंखे शून्यावर आणले आणि वाचायला लागला.

निम्मं प्रकरण झालं. पडद्याच्या कोपऱ्यात शेवटची ओळ दिसत होती. सासरे, सदतीस.

अडतीस.

तो वाचता वाचता थांबला. हसला. "काय, उकडतंय का?" असं माइकमध्येच म्हणाला. नंतर कापून टाकता येतं.

हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

त्याने हेडफोन काढले. खोलीत काही नाही. पुन्हा घातले. श्वास. तोंड उघडं ठेवून घेतात, तसा. ओला… जड…

एकोणचाळीस.

"भिकार माइक," तो पुटपुटला. कॉम्प्युटरचा मधला भागही तापत चालला होता. ऐंशी. ब्याऐंशी. म्हटलं, जरा पंखे सोडू. त्याने पाचही पंखे पूर्ण वेगावर टाकले.

शून्य.

पुन्हा टाकले. शून्य. पाचही ओळींवर शून्य.

त्याने डब्याची बाजू उघडली आणि पेन्सिलीने पातं ढकललं. अर्धा फेरा झाला. थांबलं. दुसरं ढकललं. थांबलं. कुणी पलीकडून बोट लावून धरावं, तसं.

चाळीस.

त्याने घाम पुसायला मान वळवली, तशी नजर प्लायवूडवर गेली. उठून तळवा टेकवला. झटक्यात मागे घेतला.

भिंत तापली होती.

हाक आली नाही. कण्हणं नाही. भिंतीवर थाप नाही. फक्त तो श्वास. आणि तेव्हा शूऽऽच्या लक्षात आलं. त्या रात्रीही हाक आली नव्हती. प्लायवूड एवढं पातळ. नुसतं "अहो" म्हटलं असतं, तरी ऐकू आलं असतं. म्हातारा गप्प पडून राहिला होता…

रेकॉर्डिंग चालू होतं ना.

एक्केचाळीस.

आता दोन श्वासांत अंतर पडायला लागलं. एक… बराच वेळ काही नाही… एक…

उठून जावं की नाही? दहा पावलांवर ती खोली. माळा डोक्यावर. पण मधला भाग सत्त्याण्णववर गेलेला, कॉम्प्युटर कुठल्याही क्षणी बंद पडणार, आणि प्रकरण अजून सेव्ह केलेलं नाही. त्याचा हात कुठे गेला असेल? माऊसकडे. त्याही वेळी माऊसकडे!

पडदा काळा झाला. रंगीत दिवे विझले. प्रकरण गेलं.

काळोख. सगळं बंद.

आणि हेडफोनमध्ये… बंद कॉम्प्युटरला जोडलेल्या हेडफोनमध्ये…

एक.

.

.

एक.

मग तो पळाला. स्टूल, माळा, टेबलफॅन. सासऱ्यांच्या खोलीत प्लग लावताना अंधारात भोक सापडेना. बटण दाबलं. पातं फिरलं. खिडकी उघडली. उशीकडे न बघता तो भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला. प्लायवूडपलीकडे, बंद पडलेल्या कॉम्प्युटरचे पंखे चालू झाल्याचा आवाज आला. एकामागून एक. पाचही.

सकाळी बायको आली तेव्हा तो तिथेच होता. त्याने तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "बाबा पंखा कधी फिरता ठेवत नसत. मान टोकाला गेली की टक् वाजतो तो. जावईबापूंच्या रेकॉर्डिंगमध्ये जाईल, म्हणायचे."

ग्रंथमाला गेली. दुसऱ्या दिवशी शूऽऽ डबा घेऊन काकांकडे आला आणि इथे, याच स्टुलावर बसून सगळं ओकला. काकांनी बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. ती जागा रिकामीच होती. आत नुसती धूळ. चालू केल्यावर शेवटची ओळ उणे पंचावन्न. नाव तेवढं तसंच.

"शॉर्टसर्किट असेल, नाही का हो?" त्याने विचारलं. चेहरा उतरलेला, पण आवाज अजून तसाच, सुरेख. काकांनी पैसे घेतले नाहीत. डबा उचलून त्याच्या हातात दिला आणि रस्ता दाखवला.

काकांनी शेवटचा स्क्रू आवळला. पुतण्या डब्याकडे बघत होता.

"असू देत पंखे," तो हळूच म्हणाला.

"हं."

"आणि तो टेबलफॅन?" पुतणीने विचारलं.

काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाले, "आहे. चालू असतो. रात्रपाळीला जायच्या आधी त्यांची मुलगी स्वतः खोलीत जाते. खुंटी खाली दाबते, पंखा फिरता करते. 'आता वाजला तरी चालेल, बाबा,' म्हणते. मग दाराला कुलूप लावते आणि किल्ली पर्समध्ये टाकून कामावर जाते. एकदा सकाळी तिने मला बोलावून घेतलं. तिने माझ्यासमोर कुलूप काढलं."

"मग?"

"पंखा चालू होता. तोंड उशीकडे. खुंटी वर ओढलेली."