क्रूसामागची काडी

"व्यापारी चित्र न्यायला आला आणि भिंतीवर नुसता खिळा! अहो, काल दुपारपर्यंत होतं!" निवृत्त न्यायाधीश प्रांटनर कडाडले.

गुप्तहेर सेवेरिन होल्झ भिंत न्याहाळत होता. त्याचा मित्र नेपोमुक, चित्रांच्या चौकटी करणारा, मागून धापा टाकत आला. व्हिएन्नाचे जिने आणि त्याचे गुडघे यांचं जन्माचं वैर.

चित्र राउटनर या चित्रकाराचं, त्याच्या उमेदवारीतलं. ताटाएवढ्या फळीवर एक तरुण बाई, मांडीवर तान्ही पोर. पुढे राउटनरचं नाव झालं आणि चित्राला गिऱ्हाईक आलं.

"चित्रामागे काही खोचलेलं असायचं?" होल्झनं विचारलं.

"ईस्टरआधी चर्चमधून मंतरून आणलेली विलो झाडाची काडी. आमची मोलकरीण बुर्गी दरवर्षी खोचते. मी कुठला चर्चला जातोय!"

ती काडी आता शेजारी टांगलेल्या क्रूसामागे होती. एक कळीही गळलेली नव्हती.

"काडी क्रूसामागेच खोचतात की!" नेपोमुक म्हणाला. "मी एक क्रूसामागे लावतो, एक बायकोच्या थडग्यावर."

"असला कचरा मी तर झटकून टाकला असता," हॅम्बुर्गचा व्यापारी फणकारला. "आणि आज मिळणारंच चित्र काल चोरू कशाला?"

दोघे स्वयंपाकघरात गेले. साठीची मोलकरीण बुर्गी टेबलावरच पीठ लाटत होती. लाटायचा मोठा पाट मागे भिंतीला टेकवलेला होता.

"काल कुठे होता, बुर्गीबाई?"

"सकाळी दफनभूमीत."

"कुणाकडे?" नेपोमुकनं विचारलं.

"आता कुणी नाही तिथं. दहा वर्षं झाली, की जागा दुसऱ्याला देतात."

नेपोमुकनं मनातल्या मनात वर्षं मोजली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

होल्झनं सगळ्यांना तिथंच बोलावलं. "बाहेरचा चोर असता, तर काडी जमिनीवर पडली असती. मंतरलेली काडी खाली पडू न देणारं या घरात एकच माणूस. पण क्रूस शेजारी असताना ती चित्रामागे का लावायची? नेपोमुक, दुसरी काडी तू कुठे लावतोस?"

"थडग्यावर," नेपोमुक हळूच म्हणाला.

"आणि घरात पाट असताना टेबलावर पीठ कोण लाटतं?"

त्यानं पाट बाजूला केला. मागे चित्र होतं.

"ही तरुण बाई तुम्हीच ना?"

"मला कोण बघतंय, साहेब? मी तिला बघते." पिठाचे हात बुर्गीनं एप्रनआड घेतले. "माझी पोर वर्षाची असतानाच गेली. तेव्हा फोटो कुठले? थडगंही राहिलं नाही. चित्र न्यायाधीशसाहेबांनी घेतलं असं कळलं, म्हणून तर या घरी कामाला आले."

"तीस वर्षं झाली तुला इथं!" प्रांटनर खुर्चीवर मटकन बसले. या खोलीत ते पहिल्यांदाच बसत होते. "बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

जन्मभर कोर्टात लोकांना प्रश्न विचारलेल्या माणसानं घरात हा एक कधीच विचारला नव्हता. व्यापारी खाकरला, तसा त्यांनी मान न वळवताच त्याला दार दाखवलं. मग ते चित्रातल्या पोरीकडे वाकून पाहू लागले.

"नाव काय होतं हिचं?"

"रोझा," बुर्गी म्हणाली. त्या घरात ते नाव पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत होतं.