अकरावं दालन

कारखान्याचा दोनचा भोंगा वाजायचा, पहिल्या पाळीच्या स्कूटरी घरोघरी शिरायच्या, आणि मग पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या क्वार्टरांच्या ओळींवर फक्त कूलरांची घरघर उरायची. १९८९च्या उन्हाळ्यात या वेळेला श्रीकांत देवस्थळी जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरून बसत. टर्बाईनच्या डिझाईन विभागात एकतीस वर्षं काढून ते जानेवारीत निवृत्त झाले होते. बायको वैजयंती टाऊनशिपच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिची दोन वर्षं बाकी होती, म्हणून क्वार्टर अजून त्यांच्याकडे होतं.

युरोपचं वेड वैजयंतीचं. सव्वीस वर्षं तिनं मुलांना मोठमोठी चित्रं पुस्तकातल्या पोस्टकार्डाएवढ्या छापांवरून दाखवली होती. "मूळ रंग कुठला, मॅडम?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "बघून आले की सांगेन." मूलबाळ नव्हतं. श्रीकांतनी निवृत्तीच्या दिवशीच तिला शब्द दिला होता. जून-जुलै, सहा आठवडे. पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, व्हिएन्ना, फ्लॉरेन्स. कुठलं संग्रहालय कुठल्या वारी बंद, कुठली गाडी किती वाजता, हे सगळं ते ट्रेसिंग पेपरवर आखत. वैजयंती तिच्या वहीत काय काय पाहायचं ते लिही.

व्हिएन्नाला त्यांनी तीन दिवस ठेवले होते. तिनं सहा मागितले.

"तिथं एक छोटं संग्रहालय आहे," ती म्हणाली. "अकराव्या दालनात बर्फातल्या गावाचं चित्र आहे. त्याच्यासमोर नुसतं बसायचंय मला."

"एका चित्रासमोर तीन दिवस?"

"बाकावर डाव्या टोकाला बसायचं. उजवीकडे भिंतीतला पाइप ठकठक करतो, लक्ष लागत नाही."

पुस्तकात वाचलं असेल, असं श्रीकांतना वाटलं. संध्याकाळी त्यांनी संग्रहालयाकडून आलेली माहितीपत्रिका उलटसुलट चाळली. अकराव्या दालनाबद्दल तिच्यात एकच ओळ होती. फोटो नव्हता. बाकाचा उल्लेखही नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहीत त्यांना त्या दालनाचा नकाशा दिसला. दोन खिडक्या, एक दार, मधोमध बाक. बाकाच्या एका पायाला तिनं बारीक रेघांनी तार गुंडाळलेली दाखवली होती.

श्रीकांतचा भाचा सुभाष त्याच कारखान्यातर्फे वर्षभराच्या प्रशिक्षणाला व्हिएन्नात होता. त्यांनी नकाशाची नक्कल काढली आणि पत्राबरोबर त्याला पाठवली. वर गंमतीनं लिहिलं, "मामीची परीक्षा घेऊन ये."

एप्रिलच्या मध्यावर उत्तर आलं. "मामा, सगळं बरोबर आहे. पायाला तारसुद्धा आहे. ती दोन महिन्यांपूर्वीच बांधली, असं तिथला रखवालदार म्हणाला. मामीला कुणी सांगितलं?"

वैजयंतीला विचारलं तर ती जरा गोंधळली. "मला वाटलं, तुमच्याच कुठल्या पुस्तकात होतं," म्हणाली.

तेव्हापासून श्रीकांत तिच्याकडे लक्ष ठेवू लागले. शाळेतून ती एकला येई, जेवे, आणि तीनच्या ठोक्याला वही उघडून खिडकीपाशी बसे. पेन्सिल हातात, पण कागदावर टेकलेली नाही. हाक मारली तर ओ देत नसे. साडेचारला मान वर करून म्हणे, "चहा टाकू ना?"

एकदा त्यांनी तिच्या हाताला हात लावला. बाहेर गरम लू वाहत होती, पत्र्याचं फाटक शिवता येत नव्हतं. तिची बोटं बर्फासारखी गार होती. पदराला लाकडी जमिनीला लावतात तसल्या मेणाचा वास येत होता.

कारखान्यात एखादं यंत्र न कळण्यासारखं थरथरू लागलं की श्रीकांत झोपत नसत, नोंदी करत बसत. आताही त्यांनी तेच केलं. तारीख, वेळ, किती मिनिटं. नोंदींतून काही निघेना, आणि त्यांना एका जागी बसवेना. ते अंगणात जात, परत येत, पंखा कमी-जास्त करत. वैजयंतीचा एक फोटो त्यांनी सुभाषला धाडला. या वेळी गंमतीचं काही लिहिलं नाही.

सुभाषचं दुसरं पत्र मे महिन्याच्या सहा तारखेला आलं.

"मामा, रखवालदारानं फोटो लगेच ओळखला. ही बाई रोज साडेअकराला येते म्हणाला. डाव्या टोकाला बसते. कुणाशी बोलत नाही. एकला दिसेनाशी होते. दारातून जाताना त्यानं तिला कधी पाहिलेलं नाही. तो म्हणाला, फार सभ्य बाई आहेत, फक्त चपला घालून येतात, पाय गारठत असतील."

श्रीकांतनी बोटांवर वेळ मोजली. साडेतीन तासांचा फरक. इथले तीन म्हणजे तिथले साडेअकरा. इथले साडेचार म्हणजे तिथला एक.

पत्र त्यांनी वैजयंतीपुढे ठेवलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"मी कुठं जाते?" ती हळू म्हणाली. "तुमच्या समोरच असते ना मी?"

"असतेस."

"मग?" तिनं पत्राची घडी घातली. "खरं सांगू? हल्ली तिथून उठणं जड जातं. तुम्ही इथं एकटे चहाची वाट बघत असाल असं मनात येतं, म्हणून उठते."

"आपण जायचं नाही," श्रीकांत म्हणाले. "हे सगळं आजपासून बंद."

ती वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं वही त्यांच्या हातात दिली.

सोमवारी, आठ तारखेला, ते शहरात, टी. टी. नगरला गेले. तिकिटांच्या एजंटनं दोनदा विचारलं, "साहब, सोच लीजिए. पक्का कैंसल?" ते हो म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

चारला घरी आले तर वैजयंती नेहमीसारखी खिडकीपाशी नव्हती. स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत लसूण सोलत होती.

पुढचे पंधरा दिवस छान गेले. ती दुपारी झोपे. शेजारणीकडे पापड लाटायला जाऊ लागली, जे तिनं आयुष्यात केलं नव्हतं. हात उबदार होते. श्रीकांतनी नकाशा घडी घालून कपाटात टाकला. एकदा त्यांनी मुद्दाम बर्फातल्या गावाचा विषय काढला.

"कुठलं गाव?" तिनं विचारलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

सुटकेचा निःश्वास टाकावा असं काहीतरी होतं खरं. पण श्रीकांतची अंगणातली येरझार थांबली नव्हती.

तिसरं पत्र तेवीस तारखेला दुपारी आलं. ते त्यांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या फोडलं.

"मामा, मामीची तब्येत कशी आहे ते आधी कळवा. आठ तारखेपासून ती बाई एकला जात नाही. दालन बंद होईपर्यंत बसते. सकाळी कुलूप काढलं की आत असतेच.

"पहिले दोन दिवस शांत होती. मग फेऱ्या मारू लागली. खिडक्या ढकलून बघते, दारापर्यंत येते, परत फिरते. रखवालदारानं विचारलं तर त्याच्याकडे पाहून नुसती रडली.

"काल ती दाराबाहेर पडली. जाताना पहिल्यांदा बोलली. त्याला भाषा कळली नाही, पण कानावर पडले तसे शब्द त्यानं कागदावर लिहून ठेवले होते. मी मोठ्यानं वाचले तेव्हा कळले. ती म्हणाली, 'घरी जाते. ते वाट बघत असतील.'"

पत्रावर तारीख होती बारा मे.

श्रीकांत आत आले. कूलर चालू होता. स्वयंपाकघरात ती पाठमोरी उभी होती.

ओट्यावर तीन कप होते.

"कुणी येणार आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तिनं दोन कपांत साखर घातली. तिसऱ्यात घातली नाही.

श्रीकांत त्या तिसऱ्या कपाकडे बघत राहिले. मधुमेह निघाल्यापासून, गेली अकरा वर्षं, वैजयंती चहात साखर घेत नव्हती.

तिनं साखरेचा एक कप त्यांच्यापुढे सरकवला, दुसरा उचलला आणि घोट घेतला.