एकशे एकावा श्रोता

कल्पना करा हं... तुमच्या गावच्या विहारात एक माईक आहे आणि तुमची माणसं मुंबईत, भिवंडीत, थेट दुबईत. माईकसमोर बोललेलं त्यांच्या कानांपर्यंत जाईल कसं?

बोर्ली पंचतनजवळच्या एका गावातल्या सुचितालाही ते ठाऊक नव्हतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती विहार झाडायला गेली, तर टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले!

"कोण हाय तिथं?"

"चोर न्हाय, वायर शोधतोय. तळा गावचा कुलदीप. तुमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळानं पाठवलंय."

तो बाहेर आला. केसांत हे भलं मोठं जळमट. काढू की नको — सुचिताचा हात अर्ध्यावरच थांबला.

दर पौर्णिमेला वंदना झाली की ती बाहेरगावी असलेल्यांची नावं वाचायची. आता ती नावं इंटरनेटवरून त्यांनाच ऐकू जाणार होती.

"हा संगणक तुमचा आवाज बारीक तुकडे करून सर्व्हरला देतो," कुलदीप समजावू लागला. "सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी सतत चालू असलेलं यंत्र. ते प्रत्येक ऐकणाऱ्याला वेगळी प्रत पाठवतं."

"पंगतीत वाढल्यासारखं?"

"अगदी! पण शिल्लक काही ठेवत नाही. उशिरा आला तो चुकला."

"आणि मी बोलले की लगेच पोचतं?"

"वीसेक सेकंदांनी. फोन आधी थोडा आवाज साठवून घेतो, म्हणजे रेंज डळमळली तरी तुटत नाही."

"मग तेवढ्यात शब्द मागे घेता येईल?"

"नाही हो," तो हसला. "जपून बोला."

पुढच्या प्रत्येक पौर्णिमेला तो आला. वायर तपासायला म्हणे! मग त्याला बंगळूरला नोकरी लागली. जाताना तो अडखळत म्हणाला, "होकार असेल तर... बुद्धजयंतीला शेवटी माझं नाव वाच. मी ऐकत असेन."

बुद्धजयंतीला पडद्यावर ऐकणाऱ्यांचा आकडा शंभरावर जाऊन थांबला. सगळ्यात शेवटी सुचिताने कुलदीपचं नाव वाचलं. मागे बसलेल्या मावश्या खुसखुसल्या.

संध्याकाळी फोन आला. "सुचिता, मला आत शिरताच आलं नाही गं. सर्व्हर भरला होता. वाचलंस?"

तिला फणकारा आला. सगळ्या गावानं ऐकलं, आणि ज्यानं यंत्र बसवलं त्यालाच जागा नाही? बहाणे!

"न्हाय वाचलं," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

कुलदीपने दुसऱ्या कोणालाच विचारलं नाही. त्याने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.

आठ वर्षांनी तोच संगणक सुचिता आपल्या भाचीला, प्रणालीला, शिकवत होती. पडद्यावरच्या एका पानावर ओळ दिसली — एका वेळी जास्तीत जास्त श्रोते: १००.

"आत्या, एकशे एकावा आला तर?"

"त्याला परत..." सुचिताने ती ओळ पुन्हा वाचली. सर्व्हर कोणाला ओळखत नाही. बसवणाऱ्यालाही नाही. खरंच बोलत होता तो...

तिने सगळं सांगितलं. प्रणाली हट्टाने म्हणाली, "मग आता कर ना फोन!"

"त्याची मुलगी बालवाडीत जाते गं."

प्रणालीने वहीचं पान फाडलं, ठळक अक्षरांत लिहिलं — 'आकडा भरला की कोणीतरी बाहेर उभं असतं. रागवू नये.' आणि ते पान संगणकाच्या कडेला चिकटवून टाकलं.