यानाचे शेवटचे छिद्र

सोमवारी सकाळी काकू संग्रहालयात गेल्या त्या धार लावायला दिलेली आपली बारीक करवत परत आणण्यासाठी. दुपारी घरी परतल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत करवतीशेजारी एक अवकाशयान होते.

त्या संग्रहालयाच्या कार्यशाळेत काकूंनी सव्वीस वर्षे प्रतिकृती घडवल्या होत्या. पूल, दीपगृहे, कापडाच्या गिरण्या आणि एकदा तर बोटी-गोदामांसह अख्खे बंदर. निवृत्तीला तीन वर्षे झाली तरी अडलेले काम त्यांच्याच दारी येई. ते आणणारा त्यांचाच जुना शिष्य. जाड भिंगांचा चष्मा आणि दुसऱ्याच्या कामातली खोट दहा पावलांवरून हेरणारी नजर, यामुळे सारी कार्यशाळा त्याला दुर्बीण म्हणे.

"काकू, बऱ्या सापडलात," असे म्हणत त्याने ते यान त्यांच्यापुढे ठेवले होते. नारिंगी प्लॅस्टिकचे, हातभर लांब, पोटाशी फुगलेले, बिस्किटासारख्या जाड पंखांचे एक खेळणे.

"हे काय? मला खेळायला बोलावलंस?"

"शनिवारी नवं दालन उघडतंय. मोठं यान देणार होते त्यांनी ऐनवेळी हात वर केले. याचं खरं यान करून द्या. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आत्ताच कुठूनतरी जाऊन आलंय."

"चार दिवसांत?"

"दुसऱ्या कोणी चार महिने मागितले असते. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"पुरे झालं कौतुक. खेळणं कोणाचं आहे?"

"सामानाच्या खोलीत दोन वर्षं पडून होतं. कोणी न्यायलाच आलं नाही."

घरी काका खिडकीशेजारच्या खाटेवर उशांना टेकून बसले होते. तीस वर्षे लाकूड कापण्याच्या गिरणीत काढलेल्या या माणसाच्या छातीत भुसा जाऊन बसला होता. श्वास सोडताना शेवटी एक बारीक शीळ उमटे, दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. डॉक्टरांनी एवढेच बजावले होते, की हवा खेळती ठेवा आणि श्वासावर लक्ष असू द्या. काकूंचे लक्ष कधीच ढळत नसे. त्यांनी आपले कामाचे टेबलही त्याच खोलीत आणले होते, पाठ वळवली तरी शीळ कानी पडावी म्हणून.

पिशवीतून निघालेले खेळणे पाहून काका म्हणाले, "काय गं, या वयात पाळणा हलवायचा विचार आहे की काय?"

"तुमच्या जिभेला मात्र कधी धाप लागत नाही," काकू म्हणाल्या आणि कामाला बसल्या.

खेळणे मुलांच्या हातासाठी केलेले असते. त्याचे कोपरे गोल, कडा जाड, स्क्रू डोळ्यांसमोर. खरे यान घडवायचे तर आधी हा मऊपणा काढावा लागतो. काकूंनी आठ स्क्रू काढून यानाचे दोन भाग वेगळे केले. आतली आवाजाची डबी, तारा, विजेऱ्यांचा कप्पा, सारे काढून टाकले. मागे उरली एक स्वच्छ, रिकामी पोकळी. पंख कानशीने घासून पातळ केले. पोटावरची 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' ही उठावाची अक्षरे त्या घासू लागल्या, तेव्हा काका खाटेवरून म्हणाले, "म्हणजे मला चालेल."

मंगळवारी दोन्ही भाग चिकटवून झाले. त्यांच्यामधली शिवण पाण्याच्या पॉलिश पेपरने अशी घासली, की नख फिरवूनही लागेना. आता छिद्रे राहिली होती. स्क्रूंची आठ, आणि आवाज बाहेर यावा म्हणून पोटाखाली पाडलेली नऊ. काकूंचा दंडकच होता, की एखादे छिद्र नजरचुकीने राहिले की पाहणाऱ्याचे डोळे नेमके तिथेच जातात, आणि मग सारेच खोटे पडते.

बुधवारी त्यांनी स्क्रूंची आठ छिद्रे पुट्टीने बुजवली. संध्याकाळी काकांचा दम वाढला.

खालच्या मजल्यावरून नणंद वर आली. भावाची पाठ चोळता चोळता तिने काकूंना ऐकवले, "वहिनी, घरात रंग-रोगणाचे उद्योग मांडता आणि माझ्या भावाच्या छातीला बोल लावता."

"वन्सं, अजून रंगाची बाटली उघडलेलीसुद्धा नाही."

"मग हा वास कसला येतोय?"

वास खरोखरच येत होता. रंगाचा तो नव्हता. फार दिवस बंद असलेली पेटी उघडावी तसा होता, आणि शिळा. काकूंनी दोन्ही खिडक्या उघडल्या. वास गेला नाही.

गुरुवारी दुपारी, लख्ख उजेडात, त्या पोटाखालची नऊ छिद्रे बुजवायला बसल्या. काका गिरणीतल्या एका मुकादमाची गोष्ट सांगत होते. पाचवे छिद्र बुजले तेव्हा ते वाक्याच्या मध्येच थांबले. "दम खातो जरा," म्हणाले. सातव्याला उठून बसले आणि त्यांनी खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. काकूंना शीळ ऐकू येत होती. संथ, नेहमीसारखी. त्या निर्धास्तपणे पुढे सरकल्या. आठवे छिद्र. मग नववे.

नवव्यावर पुट्टी दाबून त्यांनी काका स्वस्थ आहेत ना हे पाहायला मान वळवली. काकांचे तोंड उघडे होते. ओठ निळसर पडले होते. त्यांच्या छातीतून कसलाही आवाज येत नव्हता.

शीळ मात्र चालूच होती.

काकू सावकाश टेबलाकडे वळल्या. नवव्या छिद्रावरची ओली पुट्टी फुगली... आणि आत ओढली गेली. पुन्हा फुगली. यानाच्या त्या रिकाम्या पोटात कोणीतरी श्वास घेत होते, आणि सोडताना शेवटी तीच बारीक शीळ उमटत होती, वर्षानुवर्षे त्यांच्या उशाशी वाजत आलेली.

त्यांनी टोच्याने पुट्टी उपसून काढली. खाटेवर काकांनी मोठा, खडबडीत श्वास ओढला.

"काय झालं हो?"

"कुणीतरी... तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटलं."

काकू मोजमापाच्या बाई. एकदा दिसले म्हणून मानणाऱ्या नव्हेत. त्यांनी काकांवर नजर ठेवून छिद्रावर अंगठा धरला. काकांचे डोळे विस्फारले. अंगठा उचलला. श्वास परतला. पुन्हा धरला, पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

सरळ कापून मोकळे करावे म्हणून त्यांनी करवत यानाच्या पाठीवर टेकवली. पाते जेमतेम एकदा पुढे गेले असेल.

"अगं, पाठीत काय टोचलं?" काका कळवळले. काकूंनी त्यांचा सदरा वर करून पाहिला. कण्याच्या मधोमध एक लाल, सरळ रेघ उमटली होती, पट्टी लावून ओढल्यासारखी.

हे सांगायचे कोणाला? वन्सं म्हणाल्या असत्या, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले असते. काकूंनी मनाशी हिशेब केला. यान फोडता येत नाही, घरात ठेवण्याचा धीर होत नाही. इथून दूर गेले तर कदाचित हा धागा आपोआप तुटेल. आणि नाहीच तुटला, तरी नववे छिद्र उघडे आहे तोवर काकांना श्वास आहे. त्या रात्रभर बसल्या. राखाडी रंग चढवला, पत्र्यांच्या जोडरेघा सुईने कोरल्या, नळकांड्यांपाशी काजळी धरवली. रंग देताना हात पोटाखाली गेला, की बोटांना उबदार वारा लागे. जाई, येई.

शुक्रवारी दुर्बीण यान न्यायला आला आणि दारातच थबकला.

"काकू, हे तर... याच्यात बसून जावंसं वाटतं हो!"

"काहीतरी बोलू नकोस," काकू इतक्या तीव्रपणे म्हणाल्या की तो गोरामोरा झाला. मग त्यांनी यान उलटे करून त्याला छिद्र दाखवले. "हे बुजवायचं नाही. कळलं?"

"खोट राहिली? तुमच्या कामात?"

खरे कारण ओठांपर्यंत आले होते. पण सव्वीस वर्षे ज्यांच्या शब्दाला कार्यशाळेत मान होता, त्या बाईने आपल्याच शिष्यापुढे असले काही कसे बोलावे? काकूंनी जन्मात पहिल्यांदा कामाबद्दल खोटे सांगितले. "आतली पुट्टी ओली आहे. सुकेपर्यंत हवा लागू दे."

"बरं," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी काका अगदी मजेत होते. पेपर मोठ्याने वाचत होते आणि वन्सं त्यांचे उच्चार सुधारत होत्या. दहा वाजून गेल्यावर एका बातमीच्या मध्यावर त्यांचा आवाज कापला गेला. पेपर मांडीवरून घसरला.

"दादा! अरे दादा!"

काकूंनी दुर्बिणीला फोन लावला, मग संग्रहालयात. वाजत राहिला. उद्घाटनाच्या धांदलीत कोण उचलणार? "वन्सं, डॉक्टरांना बोलवा. यांना बसतं ठेवा, आडवं करू नका," एवढे बोलून, हातड्रिल पिशवीत टाकून, साठी उलटलेल्या काकू रस्त्यातून धावत सुटल्या. एरवी ती वाट पंधरा मिनिटांची. त्या किती वेळात पोहोचल्या ते त्यांना पुढे कधीच सांगता आले नाही.

नव्या दालनात यान काळ्या मखमलीवर ठेवलेले होते. दुर्बीण त्यावरची धूळ कुंचल्याने झटकत होता.

"भोक... बुजवलंस?"

"हो, काकू!" त्याचा चेहरा उजळला. "सकाळी बघितलं, आत बोट घातलं, खडखडीत सुकलं होतं. म्हटलं, लोकांसमोर तुमच्या कामाला बोट लावायला जागा नको. वर रंगही मारलाय. दाखवा बघू कुठे होतं!"

काकूंनी यान उलटे केले. सारे पोट एकसारखे राखाडी होते. त्यांनी बोट फिरवले, नख फिरवले. कुठेही उंचवटा नाही, खळगा नाही. त्यांनीच शिकवलेला हात, त्यांनीच लावलेली शिस्त. काम निर्दोष झाले होते.

"कुठं आहे? नीट सांग... कुठं?"

"अहो, मलाही आता दिसेना," तो हसत म्हणाला, आणि काकूंचा चेहरा पाहून त्याचे हसू विरले.

काकूंनी गाल यानाच्या पोटाला लावला. आत शीळ नव्हती. आत धडपड होती. माणूस बंद खोलीच्या भिंती चाचपतो तसे काहीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत होते. मग ते थांबले, थेट त्यांच्या गालाखाली. तेवढीच जागा उबदार झाली.

त्यांनी तिथे ड्रिलचे टोक टेकवले आणि दांडा फिरवला.

"काकू! पाहुणे खाली आलेत!"

टोक आत गेले. भस्सकन वारा बाहेर आला आणि त्यांच्या कपाळावरचे केस उडाले. उबदार, दमट, शिळा. काकूंनी डोळे मिटले. मग त्यांनी मागताच दुर्बिणीने भीत भीत आपला फोन पुढे केला. काकूंनी नणंदेचा नंबर लावला.

"वन्सं..."

"वहिनी, उठून बसला हो! गप्पा मारतोय. डॉक्टरसुद्धा म्हणाले, छाती इतकी स्वच्छ कधी ऐकली नव्हती. शीळच गेली बघा!"

काकूंनी फोन दुर्बिणीला परत दिला. त्या मखमलीच्या चौथऱ्याला टेकल्या. छिद्रातून वारा येतच होता. थांबत नव्हता. मध्ये खंड पडत नव्हता. एवढ्याशा पोटात इतकी हवा आली कुठून, हा विचार त्यांच्या मनाला चाटून गेला, पण आनंदापुढे टिकला नाही.

"काकू, तुम्ही जा घरी," दुर्बीण चाचरत म्हणाला. "भोक राहू दे तसंच, मी हात लावत नाही. काचेची पेटी तेवढी बसवून घेतो."

काकूंनी मान हलवली. त्यांचे लक्ष घराकडे लागले होते.

काका खिडकीत उभे होते. कित्येक महिन्यांत ते आधाराशिवाय असे उभे राहिले नव्हते. गालांवर रंग चढला होता. खोलीत शीळ नव्हती. इतकी वर्षे जिच्या अंदाजाने काकू वावरल्या, ती नसल्यामुळे खोली अनोळखी वाटत होती. वन्सं चहा करायला आत गेल्या.

"आलीस?" काका म्हणाले. "धावलीस वाटतं. बस, बस. मला काही झालेलं नाही."

काकू जवळ गेल्या. रोज रात्री काकांना झोप लागली की त्या त्यांच्या नाकाशी तळहात धरून पाहत. आज दिवसाढवळ्या, ते समोर उभे असताना, त्यांनी तसाच हात धरला. तळहाताच्या कडेवरून वारा सरकून काकांच्या नाकात गेला. त्या वाट पाहत राहिल्या. वारा पुन्हा आत गेला. आणि पुन्हा आत. बाहेर एकदाही आला नाही, आणि काकूंना यानाच्या छिद्रातून न थांबता येणारा तो वारा आठवला, त्यावर बसायची काचेची पेटीही.

"अहो," त्या कुजबुजल्या, "जरा... श्वास सोडा बघू."

काका प्रेमळपणे हसले. त्यांनी बायकोचा हात धरून तो आपल्या ओठांपाशी नेला, आणि अगदी सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाले, "सोडतोच आहे की गं... केव्हापासून."

शब्द काकूंना स्पष्ट ऐकू आले. तळहाताला काहीच लागले नाही.