मॅक्सन कुणाचा?

"चहा मिळेल का… की आधी पिंपात बुडी मारावी लागेल?"

चहाच्या उंच पिंपात डोकावणारी एलेरी दचकली. खोक्यावर उभी होती ती. खाली उतरली आणि एकदम वीतभर बुटकी झाली. समोरचा तरुण हसायला लागला. त्याच्या टोपीच्या कडेवरून पाणी टपटपत होतं.

"खोक्यावर चढलात की मगच उंच होता वाटतं?"

"आणि तुम्ही टोपी घातली की मगच शहाणे दिसता वाटतं?"

त्यानं लगेच टोपी काढली. ओले, पिंगट केस कपाळावर आले. काय सांगू तुम्हाला, पोरीच्या हातातला कप भरून बशीत सांडला तरी तिला पत्ता नाही.

येस्टिन त्याचं नाव. दोन मैलांवरच्या निळ्या फाटकाच्या शेतावरचा मेंढपाळ. वेल्सच्या त्या खोऱ्यात दर ऑगस्टला मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा असते आणि यंदा त्याची कुत्री ग्वेन जिंकणार, असं तंबूतल्या बायका बोलत होत्या. एलेरी डोंगरापलीकडची, आजारी मैत्रिणीच्या जागी चहा द्यायला आलेली. तिला इथं कुणी ओळखत नव्हतं.

"जिंकलो तर परत चहाला येईन," तो म्हणाला.

"आणि हरलात तर?"

"तर… दोनदा येईन."

तो गेला. आणि टेबलाखालून, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या कापडाआडून, कुणीतरी तिचा पाय चाटला.

"गप रे! बाहेर तोंड काढू नकोस," ती पुटपुटली.

हा मॅक्सन. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या बाबांनी, एम्रिसनी, प्राण्यांच्या आश्रमातून आणलेला. नाव जुन्या राजाचं, पण ध्यान पाहाल तर… अंग कॉली कुत्र्याचं, काळंपांढरं, झुपकेदार. आणि पाय मात्र चार बोटं उंचीचे! एक कान उभा, एक पडलेला. आश्रमातल्या बाईंनी सांगितलं होतं, याची आई पेम्ब्रोककडची कॉर्गी, गुरं हाकणाऱ्या जातीची. टाचेला चावा घ्यायचा आणि लाथ आली की जमिनीला चिकटायचं, म्हणून पाय आखूड. बाप बॉर्डर कॉली, स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतला. ते कुत्रं चावत नाही, गोल फिरून नुसत्या नजरेनं कळप माणसाकडे आणतं.

ते ऐकून बाबांचे डोळे भरून आले होते. ते स्वतः पेम्ब्रोकचे आणि दोन वर्षांपूर्वी गेलेली आई त्या सीमेवरची. "एलेरी, हा आपल्याच घरातला की गं! माझे पाय आणि तिचे डोळे. अगदी तुझ्यासारखा."

एलेरीला काही ते कौतुक वाटलं नव्हतं. त्या पायांवरून शाळेत तिला काय कमी चिडवलं होतं? आज मॅक्सन घरी एकटा रडेल म्हणून बाबांनी तो गळ्यात मारला आणि तिनं त्याला थेट टेबलाखाली दडवलं. एवढ्या अस्सल, उंच, दिमाखदार कुत्र्यांत हा नमुना कोण दाखवणार?

बाहेर शीळ घुमली. सगळे दोरीपाशी धावले, तीही धावली. ग्वेननं पाच मेंढ्या उतारावरून अशा आणल्या की बघत राहावं. शेवटी उरला तो लाकडी कोंडवाडा. येस्टिननं फाटक उघडलं, फाटकाची रस्सी हातात धरली. मेंढ्या आत जाईपर्यंत ती सोडायची नाही, हा नियम. पहिली मेंढी आत पाऊल टाकणार… आणि गर्दीतून काळंपांढरं काहीतरी सुसाट सुटलं.

एलेरीनं लगेच ओळखलं. मॅक्सन!

त्यानं मेंढ्यांना असा देखणा वळसा घातला, मान खाली, डोळे रोखून, की पंचसुद्धा उभे राहिले. त्याच्यातला बाप जिंकला! पण पुढच्याच क्षणी आई जागी झाली. मॅक्सननं मागून पहिल्या मेंढीची टाच धरली, मग दुसरीची. पाच मेंढ्या पाच दिशांना! एक तर पंचांच्या खुर्चीवरून गेली. सारं मैदान पोट धरून हसत होतं. येस्टिन तेवढा रस्सी घट्ट धरून जागच्या जागी उभा राहिला.

भोंग्यातून आवाज आला, "कुत्रा कुणाचा आहे? मालकांनी पुढं यावं."

एलेरी तंबूत पळाली. टेबलाच्या पायाशी बांधलेला पट्टा तसाच पडला होता. मान सोडवून घेतली होती पठ्ठ्यानं. तिनं तो पायानं कापडाखाली सारला. तेवढ्यात येस्टिन आलाच, काखेत मॅक्सन, मागे हसणारी माणसं.

"हा सरळ तुमच्याकडेच ओढ घेतोय. तुमचा का?"

मॅक्सनचं शेपूट नुसतं भिरभिरत होतं. सगळे बघत होते… तोही बघत होता.

"माझा? छे… मला नाही माहीत."

शेपूट हळू झालं. मग थांबलं. येस्टिननं ते थांबलेलं शेपूट पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन गेला. चहाला काही तो परत आला नाही… एकदाही नाही.

घरी तिनं दुसरं खोटं रचलं. "पट्टा सोडवून डोंगरात पळाला, बाबा. खूप शोधला मी."

"हं," बाबा म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं, "चालेल" म्हणाले आणि ठेवला. मग मॅक्सनचं भांडं पाण्यानं भरून दाराशी ठेवलं. रागावले नाहीत, काही विचारलं नाही. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. आईचे डोळे, म्हणाले होते ते. आणि त्या डोळ्यांदेखत ती म्हणाली होती, नाही माहीत.

सकाळी पट्टा खिशात घालून ती निघाली. वाटेत चारदा परत फिरली. काय तोंड दाखवू? पण निळं फाटक आलंच.

आतल्या अंगणात दहा काळ्या गाई चिखलात अडून उभ्या होत्या आणि ग्वेन नुसती डोळे वटारत होती. मागून मॅक्सन आला. एक टाच, दुसरी टाच… लाथ आली, हा जमिनीला सपाट! बघता बघता गाई गोठ्यात.

"शाब्बास राजे!" येस्टिन ओरडला. मग त्याला फाटकाबाहेर ती दिसली. हसू मावळलं. "काय हवंय?"

एलेरीनं खिशातून पट्टा काढला. "तो… कुत्रा माझा आहे. काल खोटं बोलले मी. सगळे हसत होते… तुम्ही समोर होतात… मला लाज वाटली त्याची. आणि आता माझीच वाटतेय." तिनं पट्टा पुढं केला. "मॅक्सन, ये ना रे…"

मॅक्सननं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग मात्र ती तिथंच चिखलात बसली आणि ढसाढसा रडली.

"कालच कळलं होतं मला," येस्टिन हळूच म्हणाला. "तू 'नाही' म्हणालीस आणि त्याचं शेपूट थांबलं. संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याच्या कातडीखालची चिप तपासली, तीत नंबर मिळाला, तुझ्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, उद्यापर्यंत ठेव. तिची ती आली तर बरं."

"बाबांना माहीत होतं? आणि मी त्यांच्या तोंडावर…" तिनं चेहरा झाकून घेतला. "तुमची स्पर्धाही घालवली मी."

"स्पर्धा काय, पुढच्या वर्षी आहेच. मला राग आला तो वेगळाच. खोक्यावरून उतरलीस, तेव्हाच आवडली होतीस… आणि तू त्यालाच नाकारणारी निघालीस! रात्रभर म्हणत होतो, येऊ दे… येऊ दे एकदा."

तिनं बोटांच्या फटीतून पाहिलं. "ध्यानच आहे ना मी? आखूड पाय…"

"आहेत ना. म्हणून तर."

कुणीतरी मागून तिची टाच धरली. हळूच, पण धरलीच.

"आई गं!" ती उठली. पुन्हा चावा, पुढं एक पाऊल. अजून एक चावा. थांबायची सोयच नाही. मॅक्सन तिला मागून हाकत होता आणि येस्टिननं फाटकाची रस्सी धरून ते सताड उघडलं होतं.

"सोडा की ती रस्सी," ती रडता रडता हसली.

"अं हं. आत येईपर्यंत सोडायची नाही… नियम आहे."

शेजारच्या बांधावरून कुणीतरी हाक दिली, "येस्टिन, कालचं ते येडं कुत्रं कुणाचं रे?"

येस्टिननं एलेरीकडे पाहिलं. एलेरीनं चिखलातल्या मॅक्सनला उचलून छातीशी धरलं आणि साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "माझं!"

शेपूट हललं. ती आत आली आणि त्यानं रस्सी सोडली.